बाब

खातं वीस : मासळीबाजार, वजनकाट्याची फी.
खातं पंचवीस : जन्म-मृत्यूचे दाखले.
एकात साठ दिरहम जास्त, दुसऱ्यात साठ कमी.
एकूण जुळत होतं.
ओळी जुळत नव्हत्या.

उस्ताद रमझी म्हणाले, सोड,
वरचे लोक फक्त एकूण वाचतात.
सोमवारी अहवाल जायचा आहे,
त्यावर पुढच्या वर्षीच्या तरतुदी बेतायच्या,
आणि साठ दिरहमांत तर कॉर्निशवरच्या एका खजुरीला
महिन्याचं पाणीही पुरत नाही.

पण मी बार्शीच्या अडतीत वाढलेला.
तफावत राहिली तर दिवाणजी जेवायला उठत नसत.

तफावत हा शब्द मी घरून आणला होता.
रास अल खैमात पहिल्याच आठवड्यात कळलं, तो इथलाच.
हिशेब, बाकी, जमा,
सगळे आमच्याकडे काही शतकं नांदून
माहेरी आल्यासारखे माझ्या टेबलावर बसले.
थोडे बदललेले, अर्थात.
रक्कम म्हणजे इथे नुसता आकडा, त्यात पैसा नाही.
महसूल म्हटल्यावर सुदानचा तय्यिब हसला होता :
महसूल? ती तर आमच्या जझीरात शेतात उभी असते,
ज्वारी!
मी म्हटलं, आमच्याकडेही ज्वारीच,
पण महसूल म्हणजे त्यातलं सरकार नेतं ते.
तो बराच वेळ गप्प बसला.

अंदाजपत्रकाच्या बाबी असतात.
पहिली पगार, दुसरी माल आणि सेवा,
खाली खाली जात किरकोळ.
अरबीत बाब म्हणजे दार.

मार्चच्या गठ्ठ्यात सापडली पावती.
शाईची, पालिकेच्या खिडकीवर हातानं लिहिलेली.
दिलावर इस्माईल पेचकर, वय त्रेचाळीस,
मृत्यूचा दाखला, प्रती दोन.
पैसे भरणारा : मी.
दुसऱ्या दिवशी तीच पावती फिरत माझ्याच टेबलावर आली,
आणि नोंद करणारा : मी.

त्यांचा पाच म्हणजे आपलं शून्य, जरासं चेपलेलं.
त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब.
नवा माणूस चार दिवस अडखळतो, मग डोळा बसतो.
नऊ वर्षांत माझा एकदाही चुकला नव्हता.
त्या दिवशी पंचवीस वाचले वीस.

दिलावर दर शुक्रवारी सुरमई आणायचा.
काटेवाला अंगठा ठेवतो मेला, म्हणायचा,
आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्याचकडे जायचा.
दाभोळला त्याच्या बापाची होडी होती,
खाडीकडे बघत तो भावांशी फोनवर भांडायचा,
इंजिनाच्या पैशांवरून.
खोलीत वास राहतो म्हणून मी कुरकुरायचो.
आता राहत नाही.

म्हणजे नऊ महिने तो मासळीबाजारात होता.
त्याला चाललं असतं.

मी दुरुस्तीची नोंद लिहिली.
खातं वीस नावे, खातं पंचवीस जमा,
कारण : आकडा वाचण्यात चूक.
याहून मोठं कारण मावत नाही त्या रकान्यात.
साठ सरकले.
एकूण हललं नाही.

फक्त शेजारच्या रकान्यात, पुढच्या वर्षीच्या अंदाजात,
जिथे प्रत्यक्ष जमेवर तीन टक्के आपोआप चढतात,
एकसष्ट दिरहम ऐंशी फिल्स वाढले.
म्हणजे सरकार धरून चालतं :
पुढच्या वर्षीही कुणीतरी एक जाईल,
आणि जरा महाग जाईल.
मासळीकडे तेवढेच कमी झाले.

हे मी पुसू शकलो असतो.
सूत्र बदलायला उस्तादांची सही लागते,
आणि ते घरी गेले होते.

साडेनऊ वाजता तय्यिब किल्ल्या घेऊन आला.
मिळाली तफावत?
मिळाली.
कुठल्या बाबीत होती?
मी पावती पुन्हा गठ्ठ्यात घालत होतो,
दोरा नीट बसत नव्हता.
कॉम्प्युटर बंद होईपर्यंत
तो दार धरून उभा राहिला.